हव्रुता पद्धतीनं शिक्षकांचा अभ्यासगट: जोड्या कशा लावायच्या?

खानापूरचा_मास्तर
खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतले आम्ही दहा जण महिन्यातून एकदा, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बसणार आहोत. ज्यू शिक्षक हव्रुता, म्हणजे दोघांनी एकच मजकूर मोठ्यानं वाचून त्यावर वाद घालायची पद्धत, स्वतःच्या प्रशिक्षणातही वापरतात. गणिताच्या तासांसाठी ती कशी लावायची? आणि त्यातून कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीचा आपणच केलेला छोटा अभ्यास, निघेल का? सूचना ऐकून सही करून घरी जाणं आता पुरे झालं.

निपाणीची_बाई
सर, आधी जोड्यांचं बघा. मुख्याध्यापक आणि नवा अतिथी शिक्षक एकत्र बसवलात तर "होय सर, बरोबर सर" एवढंच ऐकू येईल. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात (बावा मेत्सिया ८४अ) नेमकं हेच आहे. अभ्यासातला जोडीदार रेश लाकिश वारल्यावर रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानानांना नवा जोडीदार दिला, तो त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला पुष्टी देणारं वचन काढून दाखवायचा. योहानान वैतागले: रेश लाकिश २४ हरकती घ्यायचा, मी २४ उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उलगडायचा, माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही होय?

म्हणून हुद्दा सारखा, शाळा वेगळी. शाळा एकच असली की गाडी बदल्यांवर जातेच की हो. एखादा गैरहजर असेल तर तिघं बसवा, पण तिसरा पंच होऊन निकाल देत बसतो; त्याच्या हातात नोंदवही द्या.

पाटीपेन्सिल
मजकूर म्हणून मुलाच्या वहीचं एकच पान घ्या, नाव झाकून झेरॉक्स. दोघांत एकच प्रत. दोन दिल्या की दोघंही आपापल्या कागदात तोंड घालतात.

समजा पानावर आहे: ५२−२७=३५, ६४−३८=३४, ७०−४६=३६, ४५−२३=२२. पहिला म्हणणार, "हातचा विसरला." दुसऱ्यानं लगेच मान डोलवायची नाही, "कुठल्या ओळीवरून?" विचारायचं. हातचा घेऊन दशकातला एक कमी करायचा विसरला असता तर दुसरं उत्तर ३४ ऐवजी ३६ यायला हवं होतं. पोरगं दर घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. म्हणून चौथं बरोबर आलं, आणि म्हणूनच "हातचा घे रे" असं शंभरदा सांगून उपयोग नाही.

वेळ अशी: ५ मिनिटं फक्त काय दिसतं ते, २० मिनिटं अर्थ आणि हरकती, १० मिनिटं उद्या मुलाला विचारायचा एक प्रश्न ठरवायला. उपाय पहिल्या पाच मिनिटांत आला की बैठक तिथंच संपते. आणि शिक्षकांना नेमकी उपाय सांगायचीच घाई असते.

चिकोडी_कट्टा
ब्रँडाइस विद्यापीठात शिक्षक होऊ घातलेल्यांच्या अशा जोड्यांचं चित्रीकरण करून अभ्यास झालाय. त्यातून सहा गोष्टी निघाल्या, दोन-दोनच्या जोडीनं: ऐकणं आणि मांडणं, कुतूहलानं विचारणं आणि एका मुद्द्यावर थांबणं, आधार देणं आणि आव्हान देणं. आपल्याकडे सहावी कच्ची, कारण हरकत म्हणजे अपमान वाटतो.

कृतिसंशोधनासाठी "मुलं गणितात मागे का?" असला विषय घेऊ नका, वर्षभर पुरून उरेल. सीमाभागातला धरा: मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी, कन्नडात 'इप्पत्तेळु' म्हणताना वीस आधी. ऐकून लिहिताना २७ चे ७२ होतात का? दहा संख्या सोमवारी मराठीत, गुरुवारी त्याच संख्या क्रम बदलून कन्नडात सांगा. ३३, ४४ टाळा, उलटले तरी कळत नाहीत. अकरा मुलांच्या वर्गात टक्के काढू नका. "११ पैकी ४" असंच लिहा.

खानापूरचा_मास्तर
अर्ध्या मुलांना मराठीत आधी आणि अर्ध्यांना कन्नडात आधी सांगितलं तर?

चिकोडी_कट्टा
तेच बरं. नाहीतर दुसऱ्या दिवशीचा सराव भाषेच्या खात्यावर जमा होतो. उलटा अंक खोडून परत लिहिला असेल तर तोही वेगळा मोजा. म्हणजे त्या दिवशी खोडरबर गोळा करून ठेवायचे.