थंड पदार्थ घेऊनही जळजळ वाढते आहे, मदत हवी आहे

रानजाई:
दुपारी दही आणि रात्री जेवणानंतर फ्रीजमधले ताक असा क्रम नेमाने पाळूनही छातीतली जळजळ आणि तळपायांची आग वाढतच चालली आहे. थंड खाल्ल्याने पित्त शमते, असे सगळेच सांगतात. मग नेमके काय घ्यावे, ते कृपया लवकर सांगा.

कण्हेर:
भूक कशी आहे, मधुमेह आहे का, औषधे कोणती चालू आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हाताला गार लागणारा पदार्थ गुणाने शीत असतोच असे नाही. दही उष्ण वीर्याचे (म्हणजे शरीरात उष्ण परिणाम करणारे) आणि आंबट विपाकाचे (म्हणजे पचल्यानंतरही आंबट गुण ठेवणारे) असून चरकसंहितेने ते रात्री वर्ज्य मानले आहे आणि शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत बहुधा निषिद्धच ठरवले आहे.

अश्मक:
दह्याचे मान्य, पण ताकाला दोष का द्यावा? आमच्याकडे सारा उन्हाळा ताकावर निघतो आणि कोणालाही बाधत नाही. ताई, जिरेपूड घालून बिनधास्त घ्या.

कण्हेर:
ताक पचनाला उत्तमच आहे. परंतु उष्ण काळात आणि दाह किंवा रक्तपित्त (नाका-तोंडातून वगैरे रक्त जाण्याचा विकार) असताना ते देऊ नये, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. निरोगी माणसांचा अनुभव आधीच आग होत असलेल्या माणसाला कसा लागू करता येईल?

मृद्गंध:
तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासावे, फार आराम पडतो. झोपही छान लागते.

रानजाई:
मी पिण्याविषयी विचारले होते. मधुमेह नसावा, तपासलेला नाही. भूक मंद आहे आणि जेवल्यावर पोट जड होते.

अश्मक:
मग कोकम सरबत घ्या.

कण्हेर:
कोकम आयुर्वेदात उष्ण मानले आहे. आंबट असूनही शीत असतो तो आवळा. रानजाई, भूक मंद असताना फ्रीजमधले गार पेय अग्नी आणखी मंद करते, म्हणून ते आधी थांबवावे. एक भाग भरडलेले धणे सहा भाग पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी कुस्करावेत आणि ते पाणी गाळून थोडे थोडे घ्यावे. साखरेची तपासणी होईपर्यंत त्यात खडीसाखर घालू नये आणि गुलकंदही टाळावा. तळपायांची आग मधुमेहाने किंवा बी-१२च्या कमतरतेनेही होते, तेव्हा दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.