त्वचेचं दुखणं बरं व्हायला नक्की किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी,

थोडी मदत हवी आहे. निदान नकोय, ते डॉक्टरांनी केलंय. हवाय तो वेळेचा अंदाज.

मला मांडीच्या आतल्या बाजूला नायटा झाला होता. त्वचारोगतज्ज्ञांनी पोटात घ्यायच्या गोळ्या आणि लावायला मलम दिलं. खाज लवकरच थांबली, लाल कड गेली, वरची सालपटंही गेली. पण तिथे काळपट चट्टा राहिलाय आणि तो ढिम्म हलत नाहीये. याला बरं झालं म्हणायचं की नाही? घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो डाग आहे तोवर रोग आहे, दुसरा म्हणतो खाज गेली की रोग गेला, फेक ते मलम.

दुसरा प्रश्न भाचीचा. कॉलेजात आहे. मुरुमांसाठी तिला रात्री लावायचं ॲडापलीनचं जेल दिलंय. लावायला लागल्यापासून चेहरा कोरडा पडलाय, आग होते, आणि मुरूम उलट वाढल्यासारखे दिसताहेत. महिना होत आला, हे मला सोसत नाही, मी बंद करते म्हणून हट्टाला पेटली आहे.

डॉक्टरांना विचारलं की 'वेळ लागेल' एवढंच उत्तर मिळतं. मोडलेल्या हाडाला निदान इतके आठवडे प्लास्टर असं सांगतात तरी. त्वचेला असा काही हिशोब आहे का? कोणाला अनुभव किंवा माहिती असेल तर सांगा.

– शेवंती

*

गुलबक्षी:

नायट्याचं माहीत नाही, खरजेचं सांगते. आमच्या घरी सगळ्यांना एकदम औषध लावायला सांगितलं होतं, ज्यांना खाज नव्हती त्यांनाही. मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिन, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात. एवढं करूनही खाज काही थांबेना. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, शरीर त्यांच्यावर चिडलेलंच राहतं, त्यामुळे दोन ते चार आठवडे खाज येईल. घाबरून पुन्हापुन्हा औषध थापू नका, त्यानेच कातडी आणखी हुळहुळते. हे आधी सांगितलं नसतं तर आम्ही नक्की दुसरा डॉक्टर गाठला असता.

*

वैद्यकीय_भटका:

त्वचारोग हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा चट्टा न बघता लिहितोय हे मात्र लक्षात असू द्या.

तुमच्या घरातले दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत. रोग जाणं आणि रोगाची खूण जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा वेळही वेगळा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो, वय वाढेल तसा आणखी सावकाश. रंगद्रव्य त्या थरातच साठलं असेल तर डाग काही महिन्यांत फिका पडतो. पण दाह जोरात झाला असेल तर ते खालच्या थरात उतरतं, तिथल्या पेशी ते गिळून बसतात, आणि मग वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं. सावळ्या त्वचेत हे जास्त दिसतं. चेहऱ्यावरच्या डागाला आम्ही सनस्क्रीन सांगतो. तुमच्या जागी ऊन पोचत नाही, तिथे घासणारे घट्ट कपडे आणि घाम हे शत्रू.

बुरशी गेली की नाही हे डागावरून ठरवू नका, कडेवरून ठरवा. नायटा कडेने पसरतो. कड उंचावलेली, लालसर, खवल्यांची असेल, खाज असेल, तर तो जिवंत आहे. सपाट, गुळगुळीत, न खाजणारा काळा चट्टा बहुतेक वेळा नुसती खूण असते. शंका असेल तर कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, चटकन होणारी तपासणी आहे.

मलमाचं म्हणाल तर खाज थांबली त्या दिवशी बंद करायचं नसतं. साध्या, छोट्या नायट्याला दोन ते चार आठवडे मलम पुरतं, आणि दिसायचा बंद झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावायला सांगतात. तुम्हाला गोळ्या दिल्यात म्हणजे प्रकरण त्याहून मोठं होतं. हल्ली नेहमीच्या औषधांना न जुमानणारी बुरशीही भेटते, तिथे उपचार बरेच लांबतात. तेव्हा तारीख तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. 'तिहेरी' म्हणून मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमं नायट्याला लावू नका. लालसरपणा आणि खाज झटपट जाते, म्हणून लोक खूश होतात, आणि आत बुरशी मजेत पसरत राहते. वर कातडी पातळ होते ती वेगळीच. लवकर बरं करणारं औषध आणि लवकर बरं वाटायला लावणारं औषध यांतला हा फरक मला रोज कोणाला ना कोणाला समजवावा लागतो.

*

टवाळ_कार्टं:

माझी कथा सर्वांत रटाळ. पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी. तीन महिने गोळ्या संपवल्या आणि नख तसंच पिवळं, जाडं! भांडायच्या तयारीत गेलो तर डॉक्टर म्हणाले, औषधाने खराब नख चांगलं होत नसतं, मागून चांगलं नख यावं लागतं. आणि पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. हाताचं बरं, त्याच्या दुप्पट वेगाने वाढतं. मुळाशी स्वच्छ नखाची बारीक पट्टी दिसली तेव्हा कुठे विश्वास बसला.

*

शेवंती:

@वैद्यकीय_भटका, मनापासून आभार. कड गुळगुळीत आहे, खाजही नाही, जीव भांड्यात पडला. भाचीचं काय करू? आणि आईला हातावर इसब आहे, बरं होतं आणि पुन्हा उठतं. त्याला किती वेळ?

*

वैद्यकीय_भटका:

भाचीला म्हणावं, आज दिसणारा मुरूम कित्येक आठवड्यांपूर्वी छिद्र बुजलं तेव्हाच तयार व्हायला लागला होता. जेल मुख्यतः पुढचे मुरूम अडवतं, आधीच वाटेत असलेले बाहेर पडणारच. म्हणून पहिल्या महिन्यात बिघडल्यासारखं दिसतं. निकाल आठ ते बारा आठवड्यांनी लावायचा. कोरडेपणा मात्र सोसत बसायची गरज नाही. वाटाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं; मुली एकेका मुरुमावर गोळे ठेवतात. एक रात्र सोडून लावणं, आधी किंवा नंतर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, यावर बहुतेकांचं निभावतं. फार सुजलं, फोड आले, तर थांबवून डॉक्टरांना दाखवा.

इसबाला मुदत नसते. उठलेलं इसब नीट औषध लावलं तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बसतं, पण प्रवृत्ती राहते. इथे स्टिरॉइड मलम योग्य ताकदीचं, सांगितलं तितके दिवस वापरणं बरोबर आहे, नायट्यासारखं नाही. हातावर आहे म्हणजे साबण, भांड्यांची पावडर, वारंवार पाण्यात हात यांचा हिशोब घ्या. ते चालू राहिलं तर कुठलंही मलम हरतं.

वाट कधी बघायची नाही, तेही लिहून ठेवतो: तापासोबत पुरळ, झपाट्याने पसरणारी गरम दुखरी सूज, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा, न भरणारी जखम, आकार-रंग बदलणारा तीळ. आणि अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर नागीण असू शकते, तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं उत्तम.

*

गुलबक्षी:

शेवंती, डाग फिका पडतोय का हे रोज बघून कळत नाही गं. पंधरा दिवसांनी एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढ. आमच्याकडे त्याने बरीच भांडणं मिटली.

*

शेवंती:

फोटोचं आजपासूनच सुरू करते. मलम कधी थांबवायचं ते फोनवर विचारून घेते आणि तारीख ट्यूबवरच लिहून ठेवते. भाची एक रात्र सोडून लावायला तयार झालीये, पण वाटाण्याएवढं म्हणजे कच्चा की शिजलेला असं विचारतेय.