मार्ग दाखवणारे ॲप आणि नागपूरचे रस्ते : आपले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात सीताबर्डीहून नरेंद्रनगरला निघालो होतो. अजनीच्या पुढे वर्धा मार्गावरचा उड्डाणपूल लागला आणि सवयीने मी गाडी वर घेतली. ॲपला मात्र मी खालच्याच रस्त्यावर आहे असे वाटत राहिले. छत्रपती चौकाच्या बरोबर वर पोहोचल्यावर त्यातील बाईंनी अत्यंत शांत स्वरात 'आता डावीकडे वळा' असे सांगितले. डावीकडे कठडा होता आणि कठड्याच्या पलीकडे हवा. पूल संपल्यावर यू-टर्न घेऊन परतायला आणखी पंधरा मिनिटे गेली.

या प्रसंगामुळे हा धागा काढावासा वाटला. मार्ग आखून घेणे, वाटेत थांबे जोडणे, टोल टाळणे, पोहोचण्याची वेळ आधी पाहून ठेवणे या सोयींचा नागपुरात आणि विदर्भात आपल्याला कसा अनुभव आला, ते सविस्तर लिहावे. ॲपचे नाव लिहू नये, कारण मग चर्चा कंपन्यांच्या बाजूने आणि विरुद्ध अशी होऊन बसते. काय घडले, कुठे घडले आणि त्यानंतर तुम्ही काय केले, एवढे आले की पुरे.

सर्वेक्षण क्षेत्रात काम करणारे, धंतोली

तुमच्या पुलाच्या प्रसंगामागचे कारण सांगतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल आपली जागा साधारण काही मीटरच्या चुकीने ओळखतो, परंतु उंची ओळखण्यातली चूक त्याहून मोठी असते. वर्धा मार्गावरचा ३.१४ किलोमीटरचा पूल दुमजली आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. नकाशात हे सर्व एकाच रेषेवर येत असल्याने ॲप जवळची दिसेल ती वाट धरते. त्यातच वर मेट्रोचे काँक्रीट असल्यामुळे उपग्रहांचे संकेत अडतात किंवा परावर्तित होऊन येतात. कामठी मार्गावर गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर आहेत, त्यामुळे तिथे मी फोनकडे बघतच नाही. यावर माझा उपाय असा की पुलापूर्वीच्या चौकात गाडीचा वेग कमी करून पुढच्या दोन सूचना वाचून घ्याव्यात आणि पूल संपेपर्यंत कोणतेही वळण ऐकू नये.

औषध वितरक, गांधीबाग

माझ्याकडे रोज अठरा ते वीस दुकाने असतात. मी वापरतो त्या ॲपमध्ये थांबे जोडता येतात, परंतु त्यांचा क्रम ते स्वतः लावत नाही. मी ज्या क्रमाने टाकीन त्याच क्रमाने मला फिरवते. पहिल्या आठवड्यात हे लक्षात न आल्यामुळे मी सक्करदऱ्याहून सदरला आणि सदरहून पुन्हा मानेवाड्याला गेलो. शिवाय थांब्यांच्या संख्येला मर्यादा असल्याने यादी दोन तुकड्यांत टाकावी लागते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने हिशेब मांडून दाखवला, की केवळ दहा ठिकाणांचे क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात, त्यामुळे यंत्रालाही सर्व क्रम तपासून पाहणे परवडत नाही. मान्य आहे, पण मग निदान ढोबळ मानाने जवळजवळची दुकाने तरी एकत्र करावीत! आता मी सकाळी चहा घेताना शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो आणि रेल्वेमार्ग दिवसातून एकदाच ओलांडतो. ॲपकडून फक्त पुढच्या एका दुकानाचा रस्ता घेतो आणि त्या कामात ते उत्तम आहे.

दुसरी अडचण म्हणजे त्याला इतवारीत दुपारी माल उतरवणाऱ्या हातगाड्या दिसत नाहीत.

शिक्षिका, हनुमाननगर

नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे लहान मुलालाही ठाऊक असते. सासूबाईंना रात्री घेऊन जाताना बाहेरगावच्या टॅक्सीचालकाने घाईत तेवढाच शब्द टाकला आणि ॲपने औषधाच्या दुकानांची यादी समोर ठेवली. मी गाडीत असल्यामुळे वाट सांगता आली. तेव्हापासून घरातील सर्वांच्या फोनमध्ये मी त्या रुग्णालयाचे प्रवेशद्वार खूण करून जतन केले आहे. संपूर्ण आवार नव्हे, प्रवेशद्वारच.

गृहिणी, त्रिमूर्तीनगर

वरील ताईंनी प्रवेशद्वाराचा मुद्दा लिहिला म्हणून आमच्या घरची फजिती सांगते. पुण्याहून दीर आणि जाऊबाई मुलांसह आले होते आणि ताडोब्याच्या सकाळच्या सफारीचे आरक्षण त्यांनी आधीच केले होते, ते कोलारा प्रवेशद्वाराचे. मी आदल्या रात्री भाऊजींना म्हटले, की उमरेड, भिवापूर, चिमूर अशा रस्त्याने जा. त्यांनी 'वहिनी, फोन आहे ना' असे म्हणून विषय संपवला. पहाटे अडीचला निघताना त्यांनी नुसते 'ताडोबा' असे टाकले. ॲपने त्यांना वर्धा मार्गाने जाम, वरोरा, भद्रावती असे नेत मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी आणून सोडले. रस्ता चांगला होता, वेळही अचूक सांगितली होती, म्हणजे ॲपच्या दृष्टीने काहीच चुकले नाही.

कोलारा जंगलाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि मोहर्लीहून सफारीच्या परवान्याशिवाय आतून पलीकडे जाता येत नाही. बाहेरून वळसा घालून ते कोलाऱ्याला पोहोचले तेव्हा त्यांची जिप्सी केव्हाच आत गेली होती. मुलांनी परतीच्या वाटेवर रस्त्यालगत एक नीलगाय पाहिली, तेवढेच पुण्य. ताडोब्याला नवेगाव, झरी, खुटवंडा, पांगडी अशीही प्रवेशद्वारे आहेत, तेव्हा आरक्षणाच्या कागदावरचे नाव पूर्ण टाकावे आणि मार्ग आखून झाल्यावर तो कोणत्या गावांवरून जातो हे एकदा बोट फिरवून बघावे. भाऊजी आता वाचतील म्हणून अधिक लिहीत नाही.

बँक कर्मचारी, अंबाझरी ले-आउट

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या भागात पाणी शिरले, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. त्या सकाळी वडिलांना हलवण्यासाठी भावाला बजाजनगरकडून बोलावले, तेव्हा त्याच्या फोनवर आमच्याकडे येणारा रस्ता पूर्णपणे मोकळा दिसत होता. मोकळा असणारच, कारण त्यावर एकही वाहन नव्हते! वाहनांतील फोन किती वेगाने सरकत आहेत यावरून कोंडी ओळखली जाते आणि रस्त्यावर फोनच नसतील तर ॲप एरवीच्या वेगावरून अंदाज बांधते. पाण्याखाली गेलेला रस्ता आणि पहाटेचा निवांत रस्ता त्याला सारखेच वाटतात. भावाला शेजाऱ्यांनी फोन करून अडवले म्हणून तो वाचला. पाऊस जोरात असेल तेव्हा लोहापूल किंवा नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा मार्ग दाखवला गेला, तर मी आता आधी त्या बाजूच्या ओळखीच्या माणसाला विचारते.

दुचाकीस्वार, हिंगणा

समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. मी कारचा पर्याय बदलायला विसरलो आणि शिवमडक्याच्या नाक्यावरून परत आलो. चूक माझीच, परंतु एकदा विचारले असते तर काय बिघडले असते?

मालवाहू वाहनांचे मालक, कळमना

सर्वसाधारण ॲप हे मोटार आणि दुचाकीसाठी बनवलेले आहे, ट्रकची उंची, वजन आणि शहरातील प्रवेशबंदीच्या वेळा त्याच्या हिशेबातच नसतात. संत्र्याच्या हंगामात काटोलकडून येणाऱ्या नव्या चालकाला त्याने एकदा कमी उंचीच्या पुलाखाली नेऊन अडकवले आणि मागे रांग लागली. त्यानंतर माझ्या पुतण्याने ओपनस्ट्रीटमॅपवर काम सुरू केले. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. रेल्वेपुलांखाली कमाल उंचीचे जे फलक लावलेले आहेत ते वाचून तो आकडे भरतो, एकेरी रस्ते नोंदवतो आणि अवजड वाहनांना कुठे मनाई आहे तेही लिहितो. ही माहिती वाचणारी ट्रकसाठीची ॲप वेगळी मिळतात. त्यांत कोंडी दिसत नाही, म्हणून आमचे चालक दोन फोन ठेवतात. काम जिकिरीचे आहे, परंतु एकदा भरलेला पूल पुन्हा कोणाला फसवत नाही.

निवृत्त अधिकारी, प्रतापनगर

सर्वजण उणिवाच लिहीत आहेत म्हणून एक जमेची बाजू मांडतो. माझी मुलगी दर दिवाळीला छत्रपती संभाजीनगरहून स्वतः गाडी चालवत येते आणि प्रवासाचा दुवा मला पाठवते. तिचा ठिपका समृद्धीवर सरकताना पाहत हिची स्वयंपाकाची वेळ ठरते. पूर्वी 'निघाले' आणि 'पोहोचले' या दोन फोनांच्या मधले पाच-सहा तास मी व्हरांड्यात येरझारा घालत असे. वाटेवर पुढे पेट्रोलपंप किती अंतरावर आहे, हे मार्ग न सोडता शोधता येण्याची सोयही तिला फार उपयोगाची वाटते, कारण त्या महामार्गावरून हवे तिथे बाहेर पडता येत नाही.

रहिवासी, महाल

आपण सर्वांनी गाडीत बसून लिहिले आहे, मी घराच्या ओट्यावरून लिहितो. मुख्य रस्ता भरला की ॲप दोन मिनिटे वाचवण्यासाठी मोटारी आमच्या गल्लीत सोडते. नकाशात ही गल्ली दोन्ही टोकांना रस्त्याला मिळते, हे खरे आहे. मात्र तिची रुंदी एका मोटारीपुरती आहे आणि मध्ये दोन घरांच्या पायऱ्या पुढे आल्या आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे आजूबाजूचे रस्ते बंद झाले, तेव्हा तर सकाळपासून समोरासमोर अडकलेल्या गाड्या मागे ढकलण्याचे कामच आम्हाला लागले होते. आम्ही तीन घरांतून स्वतंत्रपणे तक्रार नोंदवली आहे आणि 'धन्यवाद, तपासत आहोत' असे उत्तर तिन्ही वेळा आले. परवा एका चालकाने काच खाली करून 'काका, रस्ता पुढे निघतो ना?' असे विचारले. मी 'निघतो' म्हणालो, कारण तो निघतोच; पण तोवर पलीकडच्या टोकाने एक टेम्पो आत शिरला होता आणि त्याच्याही हातात फोनच होता.