मिरीच्या तेलात पायपरिन नसतं

कुणीतरी हळदीच्या दुधात मिरीच्या इसेन्शिअल ऑइलचे दोन थेंब टाकायला सांगितलंय, मिरीला तिखट करणाऱ्या पायपरिनमुळे हळद अंगी लागते म्हणून. पायपरिनबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. १९९८ साली बंगळुरूला झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर (हळदीतला मुख्य घटक) २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तातलं शोषण बरंच वाढलेलं दिसलं होतं. पण ते तेलात येणार कुठून? हे तेल वाफेवर काढतात आणि पायपरिन वाफेबरोबर उडत नाही, ते खाली चोथ्यातच राहतं. वर येतात ते कॅरिओफायलिन, लिमोनिन, पायनिन, सॅबिनिन असे वासाचे घटक. मिरीचा वास आणि मिरीचा तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एकदा आगाऊपणा करून सुईच्या टोकाएवढं तेल जिभेला लावून पाहिलं होतं. वास थेट डोक्यात गेला, पण दाणा चावल्यावर लागते तशी जीभ काही भाजली नाही. (तुम्ही करू नका, इसेन्शिअल ऑइल पोटात घ्यायची वस्तू नाही.) तिखटपणासकट अर्क हवा असेल तर त्याला ओलिओरेझिन म्हणतात, तो द्रावक वापरून काढतात.

तेल निरुपयोगी आहे असं नाही. जपानमध्ये पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना याचा नुसता वास दिल्यावर गिळण्याची प्रतिक्रिया सुधारल्याचं आढळलं होतं. दुधासाठी मात्र चार दाणे खलबत्त्यात कुटा. आणि घरात कुणी फिटची फेनिटॉइन घेत असेल तर पायपरिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्तातली औषधाची पातळी वाढते.