जुन्या गाडीचं एस्टिमेट: मजुरीचे तास मोजायचे की निदान तपासायचं?

चौथागिअर

चर्चेसाठी एक एस्टिमेट घेऊ. दहा वर्षांची, सव्वा लाख किलोमीटर पळालेली पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह. तक्रारी तीन: चढाला क्लच स्लिप होतो, खड्ड्यात पुढून खडखड येते, ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. गॅरेजचा कागद असा:

क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग): मजुरी ७ तास
क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी कडी): ६ तास
दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं गाडीशी जोडणारे खालचे दांडे): ३ तास, वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं)
पुढच्या दोन्ही डिस्क: २ तास
पुढचे ब्रेक पॅड: १ तास
इंजिन फ्लश (आतून धुणं), थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) क्लीनिंग: ठोक रक्कम
'इतर साहित्य': एकूण रकमेच्या ८ टक्के

रकमा मुद्दाम दिल्या नाहीत, दर जागोजागी वेगळे असतात. तास मात्र सगळीकडे तासच. या कागदात १९ तास लावलेत आणि त्यातले किमान सात तास दोनदा मोजलेत. सीलचे सहा तास कशाचे? गिअरबॉक्स उतरवण्याचे. तो क्लचसाठी उतरलेलाच आहे. मग उरतं काय, तर फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक) काढायचं, जुनं सील उपसायचं, नवं सरळ बसवायचं. पाऊण तास धरा. पॅडचंही तेच. डिस्क निघायच्या आधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), त्याचा ब्रॅकेट आणि पॅड निघतातच, त्यामुळे तो एक तास शून्य. लोअर आर्मलाही थोडी कात्री लागते: गिअरबॉक्स उतरवताना अ‍ॅक्सल बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडचा सांधा) सोडवावाच लागतो. म्हणजे तीनचे दोन तास. सगळं मिळून बाराच्या आत बसतं.

ग्रीसगन

पॅडचा तास मान्य, तो लावायलाच नको होता. सीलच्या सहा तासांचं समर्थन तर कुणीच करणार नाही. पण लोअर आर्मचे तीनचे दोन करणं हे खुर्चीत बसून केलेलं गणित आहे.

कंपनीच्या तक्त्यातले तास नव्या, न गंजलेल्या गाडीवर मोजलेले असतात. दहा वर्षांत आर्मचा बोल्ट बुशच्या (आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी सांध्याच्या) आतल्या नळीला गंजून चिकटतो. पाना फिरवला की बोल्टबरोबर नळीही फिरते, रबर पिळलं जातं आणि बोल्ट जागचा हलत नाही. मग तापवा, नाहीतर कापा. एका बाजूचा असा बोल्ट दीड तास खातो. आणि आर्म बसवल्यावर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नसतात. वजन चाकांवर घ्यायचं, सस्पेंशन बसलं की मग टॉर्क द्यायचा (ठरलेल्या जोराने आवळायचं). गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळलं तर खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा आर्म वेळेच्या कितीतरी आधी फाटतो. दोन तासांत काम उरकणारा नेमकी हीच पायरी गाळतो. तास कमी दिसले म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मायक्रोमीटर

दोघंही मजुरीवर भांडताय. ही कामं करायची गरज आहे का, हे कुणी विचारलंच नाही. चूक निदानाचं काम वाजवी दरात केलं तरी ते पैसे पाण्यातच.

डिस्क घ्या. स्टीअरिंग थरथरतं म्हणून थेट दोन डिस्क लिहिल्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. नवी २२ मिमी असेल तर साधारण २० च्या आसपास. मोजलेला आकडा कागदावर कुठेय? जाडी शिल्लक असेल तर डायल गेज (काट्याचं मोजमाप यंत्र) लावून रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डोलते ते, बघा. सुमारे ०.०५ मिमीच्या वर काटा हलला तर डिस्क काढून हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज घासा, परत बसवा, परत मोजा. हबच्या तोंडावरची गंजाची एक पापडीसुद्धा डिस्क वाकडी बसवते. ती तशीच ठेवून नवी डिस्क चढवली तर काही हजार किलोमीटरमध्ये थरथर परत हजर.

खडखड: आर्मच्या आधी लिंक रॉड (सस्पेंशनमधली छोटी जोडदांडी). लहान लहान धक्क्यांना टकटक येत असेल तर पहिला संशय त्याच्यावर. भाग स्वस्त, काम अर्ध्या तासाचं, त्याला अलाइनमेंटही लागत नाही. आर्मचा बुश टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघायचा. रबरावर वरवरच्या भेगा म्हणजे बुश गेला असं नाही. रबर नळीपासून सुटलं असेल तर गेला.

सील: बेलहाउसिंगखाली (इंजिन-गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाखाली) तेल दिसलं की मागच्या सीलचं नाव घेतात. पण टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) गास्केटमधलं तेल ब्लॉकवरून ओघळून नेमकं तिथेच जमतं. कव्हरच्या मागच्या काठाखाली बोट फिरवा. बोट ओलं निघालं तर आधी ते गास्केट बदला, जागा धुवा आणि आठवडाभर चालवून पुन्हा बघा.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला तर स्लिप खरी. पण केबलचा क्लच असेल तर पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) आहे का ते आधी बघा. प्ले शून्य असेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही स्लिप होते.

ग्रीसगन

तपासण्या अगदी बरोबर. पण डायल गेज लावणं, हब घासून परत मोजणं, टॉमी घालून चारही बुश बघणं, धुऊन आठवडाभर वाट पाहणं, याची मजुरी कोण देणार? एस्टिमेट फुकट हवं आणि त्यात मायक्रोमीटरचे आकडेही हवेत, असं कसं चालेल? तपासणीला पैसे मिळत नाहीत म्हणून मेकॅनिक अंदाजाने भाग लिहितो. तपासणीचा एक-दीड तास वेगळा द्या आणि मग आकडे मागा.

सीलबद्दलही. गिअरबॉक्स खाली आहे, सव्वा लाख झालेत, समजा सील अजून गळत नाहीये. तरी बदलायचंच. सहा महिन्यांनी गळलं तर तेच सात तास पुन्हा, आणि तेलाने भिजलेली नवी क्लच प्लेट फेकायची ती वेगळीच.

मायक्रोमीटर

तपासणीची वेगळी मजुरी, कबूल. सीलही बदला, पण 'गळतंय' म्हणून नको. 'गिअरबॉक्स खाली आहेच म्हणून' असं लिहा आणि पाऊण तास लावा. कारण खोटं लिहिलं की तास आपोआप सहा होतात.

चौथागिअर

कागदात काय नाही तेही वाचा. अ‍ॅक्सल निघणार म्हणजे गिअर ऑइल सांडणार. या आकाराच्या गिअरबॉक्सला साधारण दोन लिटर लागतं. त्याची ओळ कुठेय? अ‍ॅक्सलचे नवे हब नट? ते बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. फ्लायव्हीलचे बोल्टही बऱ्याचदा तसेच. क्लच हायड्रॉलिक असेल आणि स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) बेलहाउसिंगच्या आत असेल तर तो आत्ताच बदलायचा. यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे एकतर बिल वाढणार, नाहीतर जुनंच परत बसणार.

दुसरामालक

इतकं खोलात कशाला? खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याला टेकला तर गाडी विकून मोकळं व्हा.

ग्रीसगन

विकून घ्याल काय? त्याच किमतीची दुसरी दहा वर्षांची गाडी, जिच्या क्लचचं वय तुम्हाला माहीत नाही. क्लच आणि ब्रेक झिजणारच, तो पळवण्याचा खर्च आहे. निम्म्याचा नियम इंजिन, गिअरबॉक्स किंवा सडलेल्या पत्र्याला लावा. हो, हेच एस्टिमेट गाडी घ्यायच्या आधी हातात आलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते घासाघीस करायला वापरा.

मायक्रोमीटर

फ्लश आणि थ्रॉटल सरळ खोडा. तीनपैकी एकाही तक्रारीशी संबंध नाही. शिवाय सव्वा लाख झालेल्या इंजिनात फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. 'इतर साहित्य' ८ टक्के, तेही भागांसकट एकूण रकमेवर! महागडी डिस्क घेतली की ब्रेक क्लीनरचा कॅन महाग होतो का?

ग्रीसगन

त्या ओळीवर वाद नाही, नग लिहून मागा. फ्लायव्हीलचं मात्र आधी कुणीच सांगू शकत नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर घासावं लागेल, नाहीतर बदलावं लागेल. प्रामाणिक कागदावर ती ओळ 'उघडल्यावर' म्हणूनच येणार.

चौथागिअर

येऊ दे. पण दोन्ही शक्यतांची रक्कम आधीच लिहिलेली हवी, आणि 'फोटो पाठवून होकार घेतल्याशिवाय काम नाही' हेही. गाडी दोन तुकड्यांत लिफ्टवर असताना सांगितलेल्या किमतीवर घासाघीस होत नाही.