टेलिकास्टरमध्ये डिझाईन आहे, आणि भरपूर आहे

फेंडर कंपनीची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे 'दांडा बसवलेली फळी', त्यात डिझाईन कसलं, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला ही गिटार काढताना (तेव्हा नाव ब्रॉडकास्टर, टेलिकास्टर १९५१ पासून) त्याने दुरुस्तीचा विचार आधी केला. नेक (गिटारचा लांब दांडा) चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी आवळलेला. खराब झाला की काढा, दुसरा लावा. मेपलच्या एकाच तुकड्याचा नेक, फ्रेट (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) थेट त्यातच ठोकलेले. ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत घातलेली धातूची सळई) मागून खाच पाडून घातलेला आणि ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवलेली. जुना नेक उलटा करून बघा, मधोमध ती काळपट रेघ दिसेल. किती सुबक काम आहे ते!

ब्रिजपाशचा, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथला, पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) पोलादी पत्र्याला टांगलेला असतो, त्या टोकदार, खणखणीत आवाजात पत्र्याचाही मोठा वाटा आहे. सहा तारांना तीनच सॅडल (ब्रिजवरचे तारांखालचे टेकू), त्यामुळे इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) तंतोतंत जुळत नाही, हे मान्य. तरी जुनी पितळी सॅडल काढून टाकू नका. माझ्या कानाला तो ठणका सहा सॅडलच्या ब्रिजमध्ये सापडलेला नाही.