पोस्टरं नकोत, पाटी लिहायला द्या

कलेच्या तासाला वंशभेद, विषमता असे विषय कसे आणावेत, असं विचारलं की विद्यार्थ्यांकडून ‘विविधतेत एकता’ची पोस्टरं करून घ्यावीत, असं कुणीतरी सुचवतं. त्यातून फार तर रंगीबेरंगी हातांची साखळी निघेल. त्यापेक्षा फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलाकाराचं अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधलं १९९२ सालचं प्रदर्शन फोटोंतून दाखवा. मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी या तिथल्या इतिहास-संग्रहालयाच्याच संग्रहातली नक्षीदार चांदीची भांडी आणि गुलामांच्या लोखंडी बेड्या त्यानं एकाच कपाटात मांडल्या. वर पाटी: ‘धातुकाम, १७९३–१८८०’. बस्स. नवं काही रंगवलं नाही, फक्त शेजार बदलला. वर्गात फोटोतली पाटी झाका आणि प्रत्येकाला स्वतःची पाटी लिहू द्या. वाद तिथूनच पेटतो. गुण मात्र ठेवू नका, नाहीतर सगळे परीक्षकाला आवडेल तेच लिहितात.